मेंढरं वाडग्यात, बेडूक टेकडीवर

आमच्या चिहिपाता गावात फाउस्तिनो लिमाचीइतका सरळ माणूस दिवा घेऊन शोधलात तरी मिळायचा नाही. अशा माणसावर वर्षातून एकदा बायकोशी खोटं बोलायची पाळी यायची, आणि तेही इतकं भिकार खोटं की ऐकणाऱ्यालाच लाज वाटावी. बटाट्याच्या शेतात फुलं धरलेली असायची, रुसलेला पाऊस एकदाचा कोसळायला लागायचा, आणि हा टोपी डोक्यावर दाबून म्हणायचा, "मेंढरं आणायला जातो." मेंढरं केव्हाच घरापुढच्या वाडग्यात कोंडलेली असायची. दारातून दिसायचीसुद्धा. त्याची बायको होविता चुलीपुढून मान वर न करता "जा" एवढंच म्हणायची. तो चिंब भिजून, दिवस मावळायला आल्यावर परत यायचा. हात हलवत, आणि वर चेहरा असा खुललेला, जणू लग्नाच्या पंगतीतून उठून आलाय.

या खोट्याचं मूळ त्याच्या बापात होतं. बाप सेफेरिनो लिमाची हा आमच्या गावाचा बेडूकवाहक. लिमाचींच्या घरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, मानाचं, आणि मान सोडला तर पदरात काही न पडणारं. फाउस्तिनो कळता झाला तसा बाप त्याला लव्हाळ्यांच्या होडीत घालून तितिकाका सरोवराच्या पाण्यावर न्यायचा. सकाळी वारा नसला की काठाजवळचा तळ स्वच्छ दिसतो. होडीच्या कडेवर हनुवटी टेकून दोघं खाली बघत राहायचे. तिथे पाणवनस्पतींच्या गुंत्यात आमचा बेडूक बसलेला असायचा. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याला घातल्यासारखी त्याची कातडी अंगावर ढगळ, घड्याघड्यांनी लोंबणारी. पोर पहिल्यांदा बघतं तेव्हा हसतंच. फाउस्तिनोही हसला, आणि बापाची टपली खाल्ली.

"हसू नको. तो त्या सदऱ्यातूनच श्वास घेतो," बाप म्हणाला.

आणि तसंच आहे. हा बेडूक हवा खायला वर येत नाही, काठावर उड्या मारत फिरत नाही, डबक्यातल्या बेडकांसारखा कुणाच्या अंगणात येऊन ओरडत नाही. जन्म पाण्यात, लग्न पाण्यात, मरणही पाण्यात. तळाशी चार पायांवर बसून अंग वर-खाली, वर-खाली हलवत राहतो, तेवढ्यानं सगळ्या घड्यांत ताजं पाणी खेळतं. भूक लागली की गोगलगाय नाहीतर एखादा बारका मासा. मादी काठाच्या उथळ पाण्यात, वनस्पतींना चिकटवून अंडी घालते आणि नर तिथे पहारा देत बसतो. फाउस्तिनोला हे सगळं बघण्याचं वेडच लागलं. घरी कारांची मासा कमी आला की आई विचारायची, बापलेक पाण्यावर जाऊन करता तरी काय? दोघंही जाळं झटकत बसायचे.

ज्या वर्षी फुलं धरूनही पाऊस येत नाही, त्या वर्षी आम्ही बेडूक टेकडीवर नेतो. मातीच्या मडक्यात त्यांच्याच ठिकाणचं पाणी, पाण्यात बेडूक, आणि मडकं वर खडकाशेजारी. आपल्या पाण्यापासून तुटलेला बेडूक गाऱ्हाणं घालायला लागतो. त्याचा आवाज केवढासा, झोपलेल्या बाळाला उचकी लागावी तेवढा. पण आभाळाला तो ऐकू जातो आणि त्याला दया येते. एकदा मडकं ठेवलं की मागं वळून बघायचं नाही, आणि पाऊस येऊन ओसरेपर्यंत कुणी टेकडीची पायरी चढायची नाही. आभाळ काम करत असताना त्याच्या डोक्यावर उभं राहणं बरं दिसत नाही. पाऊस पडतो, मडकं काठोकाठ भरतं, बेडूक काठावरून बाहेर पडतात आणि ओघळाओघळानं घसरत आपल्या घरी जातात. उसने आणलेले बेडूक आभाळ स्वतः परत करतं, असं सेफेरिनो म्हणायचा तेव्हा त्याचा गळा भरून यायचा.

बाप गेला त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात फाउस्तिनोवर मडकी न्यायची वेळ आली. होविता तेव्हा नवी नवरी. पाऊस असा पडला की गावानं कार्निव्हल यायच्या आधीच लाकडी बासऱ्या बाहेर काढल्या. पोरं गात सुटली की बेडूक घरी आले, बेडूक घरी आले. होवितानंही नवऱ्याला सांगितलं, आज धुणं धुताना काठाशी बेडूक बघितला, थकलेला दिसत होता, टेकडीवरूनच आला असणार.

पुढे एक मेंढी कोकरासकट चुकली, ती शोधायला फाउस्तिनो टेकडीवर गेला. तेव्हा खरोखरच मेंढी चुकली होती, हे इथे सांगून ठेवलेलं बरं. मेंढी खडकामागं चरत होती. आणि मडक्यांपासून थोड्याच अंतरावर बेडूक पडले होते. भांड्याबाहेर आले होते एवढं खरं. पण पाऊस ओसरल्यावर आमच्या इथलं ऊन काय असतं ते इथल्या माणसाच्या गालांना विचारावं. ढगळ सदरे वाळून चामड्यासारखे कडक झाले होते, आणि सगळ्यांची तोंडं पाण्याच्या दिशेला होती. फाउस्तिनो तिथेच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग त्यानं माती उकरली, त्यांना पुरलं, वर कोकाची पानं वाहिली आणि मेंढी हाकत खाली आला.

सांगायचं कुणाला आणि काय? की आपल्या आजा-पणजांनी दर दुष्काळात, भक्तिभावानं, त्यांना उन्हात मरायला सोडलं? की बापाचा गळा ज्या गोष्टीनं भरून यायचा ती गोष्टच खोटी? गाव खाली नाचत होतं. बटाटे तरारले होते. फाउस्तिनो मूग गिळून बसला. आणि त्यानंतर जेव्हा जेव्हा बेडूक वर गेले, तेव्हा पाऊस सुरू झाला की तो नेम मोडून, चोरासारखा टेकडी चढला, मडकी छातीशी धरून उतरला, आणि जिथून बेडूक उचलला त्याच जागी त्याला सोडून आला. अगदी त्याच जागी, कारण आपण दुसऱ्याच्या घरात झोपतो का, असा त्याचा सवाल. दर वर्षी दुष्काळ नसायचा, पण सवय अशी लागली की चांगला पाऊस लागला की त्याचे पाय टेकडीकडे वळायचेच. वर जाऊन खडकाशेजारची रिकामी जागा बघायची आणि समाधानानं यायचं.

टेकडीच्या वाटेवर एकच घर होतं, बासिलिया युहराचं. बासिलियाचा नवरा खाणीत कामाला गेला तो परत आला नाही, तेव्हापासून ती एकटी. होविता आणि बासिलिया पोरपणापासूनच्या मैत्रिणी. एकत्र मेंढरं राखली, एकमेकींच्या वेण्या घातल्या, एकाच मागाच्या दोन टोकांना बसून शालीचे पट्टे विणले. तर पहिल्याच वर्षी मडकं पोटाशी धरून निथळत चाललेला फाउस्तिनो बासिलियानं पकडला. त्याला खोटं सुचलं नाही, सुचतं कधी? सगळं सांगून मोकळा झाला आणि शपथ घातली, होवितालासुद्धा कळता कामा नये. होविताच्या पोटात तीळ भिजत नाही, तिला सांगितलं की दुपारपर्यंत गावाला आणि संध्याकाळपर्यंत पलीकडच्या काठाला कळलंच. बासिलियानं मान डोलावली, किनवा धान्याच्या गरम कढणाचा वाडगा त्याच्या हातात दिला, आणि दर वेळी देत आली.

एका वर्षी होवितानं ते पाहिलं. फाउस्तिनो मेंढरं आणायला गेला, मेंढरं वाडग्यात, आणि हिच्या मनात पाल चुकचुकली. घोंगडं पांघरून ती वळणापर्यंत गेली. नवरा बासिलियाच्या अंगणातून तोंड पुसत बाहेर येत होता, आणि बासिलिया दारात उभी राहून हसत होती. होविता आल्या पावली परत फिरली. नवऱ्याला एक शब्द विचारला नाही. मैत्रिणीलाही नाही. दुसऱ्या दिवशी अर्धी विणलेली शाल मागावरून कापून तिचा अर्धा भाग बासिलियाच्या कुंपणावर टाकून आली, आणि त्यानंतर बाजारात, चर्चमध्ये, मयताला, कुठेही ती दिसली की हिनं तोंड फिरवलं. बासिलियाही मानी. विचारलं तर आपण लहान होऊ, म्हणून तिनंही विचारलं नाही. गावानं तर्क लढवून लढवून सोडून दिले. दोघींचेही केस पांढरे झाले.

मग ते वाईट वर्ष आलं. वरच्या नदीनं काय आणून ओतलं देव जाणे, सरोवराच्या आमच्या खाडीचं पाणी हिरवंगार आणि दाट झालं, आणि एका सकाळी काठभर बेडूक उताणे तरंगत होते. नाकाला फडकं बांधून गावानं ते गोळा केले. फाउस्तिनो कित्येक दिवस जेवला नाही. पुढं पाणी हळूहळू निवळलं, पण तळ ओकाबोका दिसायला लागला. होडीच्या कडेवर हनुवटी टेकून तो बघायचा, आणि खाली नुसत्या वनस्पती हलायच्या.

पुढं एका साली पुन्हा पावसानं दडी मारली. फुलं कोमेजायला लागली तसा गावप्रमुख मार्सेलिनो तिकोना घरी आला. भला माणूस, कुणाला दुखवून बोलणार नाही. म्हणाला, ताता फाउस्तिनो, आता तुम्हीच काय ते करा. फाउस्तिनोनं नाना सबबी सांगितल्या. गुडघा गेलाय, हे खरंच होतं. मागच्या हिवाळ्यात होडीतून पडून छाती धरली होती आणि दवाखान्यातल्या बाईनं भिजायचं नाही म्हणून बजावलं होतं, हेही खरं. बेडूक उरले नाहीत, हे तर सगळ्यांनाच ठाऊक. पण मार्सेलिनो उठेना. लोकांच्या डोळ्यांकडे बघवत नाही, म्हणाला. शेवटी खाडीभर जाळं फिरवलं तेव्हा लव्हाळ्यांच्या मुळाशी एकच मिळाली. मादी. थोराड, पोट अंड्यांनी गच्च. फाउस्तिनोनं तिला ओंजळीत धरलं आणि त्याला वाटलं, अख्खी खाडी आपल्या हातात आहे. एखादा नर मुळांत दडून राहिला असला तरी, ती टेकडीवर वाळली तर इथं पुन्हा बेडूक होणं नाही. हे तो मोठ्यानं म्हणू शकत नव्हता, कारण आभाळ बेडूक परत करतं यावर गावाचा विश्वास, आणि तो विश्वास तर त्यानंच सांभाळलेला.

मडकं पाठीवर बांधून, काठी टेकत, तो तिला वर ठेवून आला. खडकाच्या सावलीत, खूप पाणी घालून. घरी आला तेव्हा गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ढग आले. सरोवरावरून काळे, खाली वाकलेले. गारांनी सुरुवात झाली आणि मग पावसानं जी धार धरली ती सुटेना. गावात आरडाओरडा, थाळ्या वाजवणं सुरू झालं. फाउस्तिनो बिछान्यातून उठला, टोपी घातली, भिंतीला धरत दारापर्यंत आला, आणि उंबऱ्यातच त्याचा गुडघा मुडपला. पुन्हा उठायला गेला, पुन्हा बसला.

होविता चुलीपाशी चुन्यो, म्हणजे गोठवून वाळवलेले बटाटे, भिजत घालत होती. तिनं मान वर केली.

"मेंढरं आणायला?" ती म्हणाली. "म्हाताऱ्या, गुडघा गेला, छाती गेली, तरी मेंढरं सुटत नाहीत ना तुझी?"

फाउस्तिनोनं बाहेर बघितलं. टेकडी पावसात दिसतसुद्धा नव्हती. मडकं आता भरत असणार. ती काठाशी आली असणार. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्यानं सगळं सांगितलं. वाळलेले बेडूक, कोकाची पानं, मोडलेला नेम, दर खेपेची चोरी, आणि वर एकटी अडकलेली ही शेवटची. सांगता सांगता बासिलियाचा वाडगाही आला, कारण अर्धवट सांगणं त्याला जमत नाही.

होविताचे हात परातीतल्या पाण्यात तसेच राहिले.

"बासिलियाला सांगितलंस," ती शेवटी म्हणाली. "मला नाही."

"तुझ्या पोटात काही राहत नाही म्हणून..."

"माझ्या पोटात?" होविता म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तू तिच्या अंगणातून तोंड पुसत आलास, ते मी डोळ्यांनी बघितलं. तेव्हा आपली पोरगी रांगत होती, आता तिची पोरगी लग्नाला आलीय. कधी ब्र काढला मी? आईला नाही सांगितलं, पाद्र्याला नाही सांगितलं, तुला नाही सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही म्हणे."

आता कुठे फाउस्तिनोच्या डोक्यात उजेड पडला. कापलेली शाल, फिरवलेलं तोंड, त्याच्या वाडग्यात दर पावसात मुकाट्यानं वाढलेलं जेवण. हा सरळ माणूस इतकी वर्षं बेडकांची काळजी वाहत होता, आणि घरात काय वाळत पडलंय इकडे त्याचं लक्षच नव्हतं. त्याला तिच्याकडे बघवेना. तो काहीतरी बोलायला गेला.

"गप बस," होविता म्हणाली. "ती मडक्यातून बाहेर पडली तर कुठे शोधू, तेवढं सांग."

त्यानं सांगितलं. खडकाच्या खालच्या अंगाला, पाण्याच्या दिशेला. होवितानं हात पुसले, टोपी घातली, टोपीवर प्लास्टिकचा कागद बांधला आणि ती निघाली. नेम मोडतेय, गाव बघेल, असलं काही तिच्या मनात आलं असेल तर ते दिसलं नाही.

उंबऱ्यात बसून फाउस्तिनो वाट बघत राहिला. पावसाचा जोर कमी झाला, पागोळ्या विरळ झाल्या. त्याला टेकडीची काळजी होती, वाटेची होती, बेडकीची होती, आणि बासिलियाच्या घरापाशी काय होईल याची सगळ्यांत जास्त होती. होविता तिथं थांबलीच तर काय बोलेल? आणि न थांबता पुढं गेली तर? त्यानं विचार करणं सोडून दिलं आणि वाटेकडे डोळे लावले.

उजेड उतरायला लागला तेव्हा वळणावर एक प्लास्टिकचा कागद दिसला. त्याखाली टोप्या दोन होत्या. दोन म्हाताऱ्या, मडकं मधे धरून, एकमेकींना खेटून चिखलातून सावकाश उतरत होत्या. घरापाशी थांबल्या नाहीत, सरळ पाण्याकडे गेल्या. फाउस्तिनो काठी टेकत, कुडाला धरत कसाबसा काठापर्यंत पोचला. जिथून उचलली ती जागा त्यानं काठीनं दाखवली, लव्हाळ्यांच्या मुळाशी. होविता घागरा वर खोचून गुडघाभर पाण्यात उतरली आणि तिनं मडकं कलतं केलं.

बेडकी बाहेर आली आणि तळाला बसली. हलेना. तिघंही वाकून बघत राहिले. मग तिनं अंग वर उचललं, खाली टेकलं. पुन्हा वर, पुन्हा खाली. ढगळ कातडीच्या घड्या पाण्यात हलायला लागल्या, आणि जरा वेळानं ती वनस्पतींच्या आत सरकली.

"मडक्याबाहेर पडली होती," बासिलिया फाउस्तिनोला म्हणाली. "हिला दिसेना, मला दिसली. हिचे डोळे पहिल्यापासूनच अधू. नको ते बघतात आणि हवं ते बघत नाहीत."

होविता पाण्यातून बाहेर आली, घागरा पिळत बसली, पिळून झाला तरी पिळतच राहिली.

"मला वाटायचं," बासिलिया म्हणाली, "माझ्या बाजूचा पट्टा तुझ्यापेक्षा चांगला झाला म्हणून शाल कापलीस."

"चांगला नव्हताच तो," होविता म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.

खाडीत आता पुन्हा बेडूक आहेत. खूप नाहीत, पण सकाळी वारा नसला की होडीच्या कडेवरून दिसतात. गावाला सगळं कळलंय. होवितानं सांगितलं नाही, तिनं पोटातलं आणखी एक पोटातच ठेवलं. फाउस्तिनोनंच मार्सेलिनोला आणि चार लोकांना बसवून सांगितलं. आता बेडूक खाली आणायचं कामही वाहकाकडे रीतसर आलं, एवढंच. आभाळाचं काही बिघडलेलं दिसलं नाही.

फाउस्तिनो आता टेकडी चढत नाही, ते काम तरुण पायांकडे गेलंय. दुपारी अंगणात उन्हाला बसून असतो. जेवणं उरकली की होविता टोपी घालते, लोकरीचा गुंडा काखेत मारते आणि त्याच्या समोरून जाते.

"मेंढरं आणायला जाते," म्हणते.

मेंढरं वाडग्यात असतात, दारातून दिसतात. फाउस्तिनो मान वर करून "जा" म्हणतो, आणि ती वळणापलीकडे, बासिलियाच्या घराकडे निघून जाते.